चांद्याची शेवटची कांडी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, दूध संघातले माझे सहकारी, आणि ज्यांच्या गोठ्यांत माझा जन्म गेला असे मायबाप पशुपालकहो,

आपण माझं फार कौतुक केलंत. कृत्रिम रेतन करणाऱ्या माणसाबद्दल लोक एवढं गोड बोलतात, हे निवृत्त झाल्याशिवाय कसं कळणार? एरवी गाय गाभण न राहता उलटली की पहिली शिवी मलाच!

मघापासून काही जण माझ्या खुर्चीखालच्या डब्याकडे बघताहेत. घाबरू नका, नायट्रोजनचा आहे. आत वळूच्या रेताची एकच गोठवलेली कांडी आहे. कोमट पाण्यात धरली की जागी होते. चांद्याची आहे ती.

चांद्या आपल्या केंद्राचा वळू, कपाळावर तुटका पांढरा चांद असलेला. माझा थोरला भाऊ त्याला सांभाळायचा. त्यानंच दादाला शिंगावर घेतलं, दादा त्यातच गेला, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पुढे वळूही मेला, पण त्याच्या कांड्या राहिल्या. आणि माझं नशीब बघा, गायी गाभण राहायच्या त्या त्याच्याच कांडीनं! तुम्ही मागायचात, मी गायी भरवायचो. नाही कसं म्हणणार? आज ज्या गोठ्यात जावं तिथून तो तुटका चांद मान वळवून माझ्याकडे बघतो. एवढा मोठा बाप्या मी, पण वासरांना भितो हो. खरंच भितो.

एक गोठा तेवढा मी त्याच्यापासून राखला होता, दादामागे राहिलेल्या वहिनींचा. पण त्यांची एकुलती गाय सारखी उलटतेय. तिचा माज मुका; हंबरत नाही, काही नाही. वेळ हातची निघून जाते. या खेपेला गाभण राहिली नाही तर तिला विकावी लागेल. आज सकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, गाय माजावर आलीय. बळस दिसला, काचेसारखा चिकट, तार धरतोय."

म्हटलं, "संध्याकाळी येतो. चांगल्या वळूची कांडी आणतो."

"चांद्याची आणा."

"अहो वहिनी, काय बोलताय हे!"

"ह्यांना शेवटचं त्यानंच पाहिलं ना? मग ते डोळे असू देत माझ्या दारात. मला विचारायचंय त्या डोळ्यांना."

मी फोन ठेवला आणि त्याची उरलेली शेवटची कांडी या डब्यात घातली.

तर मंडळी, सकाळी माज दिसला की गाय संध्याकाळी भरवायची, हे मीच तुम्हाला घसा फोडून सांगत आलोय. बाहेर दिवे लागलेत. अध्यक्ष महोदय, जेवणाचा आग्रह करू नका. माज काही माझं भाषण संपायची वाट बघत नाही.

आपल्या सगळ्यांच्या मायेबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. या कामात आजवर माझा हात कधी चुकला नाही. आज चुकला, तर दादा, तूही सांभाळून घे.

मागच्या रांगेत वहिनी उठून उभ्या राहिल्यात. वहिनी, तुम्ही पुढे व्हा, पाणी कोमट करून ठेवा. त्याला घेऊन आलोच मी.