डोंगर स्थिर आहे, योलिमा म्हणाली

“हॅलो? … हे पाहा, एकदाच सांगते, नीट लिहून घ्या. दगड कुणाचा हुकूम मानत नाही. सत्य हे सत्यच असतं, त्याला ना गव्हर्नर लागतो ना नगराध्यक्ष, आणि गेली एकोणीस वर्षं मी… कोण? … मावशी? … अगं, मग आधी बोलायचं नाही का! मला वाटलं रेडिओवाला. … नाही, त्यालाही याच्यापुढचं काही सांगितलं नसतं. सत्य हे सत्य असतं, इथपर्यंत बोलायला परवानगी आहे. ते काय आहे, हे सांगायला नाही.”

सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ योलिमा चापार्रो हिने खुर्ची पुढे ओढली आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. समोरच्या टेबलाशी डॉक्टर पुलिदो चीजचा गरम पाव मोडून खात बसले होते. पुलिदो कशाचेही डॉक्टर नव्हते. आमच्याकडे टाय बांधलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात, आणि पुलिदोंचा टाय चांगला रुंद होता. गव्हर्नरांच्या कचेरीने त्यांना महिन्यापूर्वी इथे आणून बसवलं होतं, शास्त्रज्ञांना निवेदनं लिहायला मदत करण्यासाठी. तेव्हापासून शास्त्रज्ञांना लिहायचं फारसं काम उरलं नव्हतं.

“हं, बोल. … हो, काल सकाळी मीपण ऐकलं. … छान बोलले? अगं, मी बोललेच नाही, निवेदिकेने वाचून दाखवलं. … नाव माझं होतं, हो. … अख्ख्या गल्लीला बोलावून ऐकवलंस? … अगं पण मावशी, नाव माझं असलं तरी वाक्यं…”

पुलिदोंनी पावावरून नजर वर केली.

“… वाक्यं सगळ्यांची. सगळ्यांनी मिळून केलेलं काम असतं ते.”

मंगळवारी योलिमाने लिहून दिलेलं निवेदन तीन वाक्यांचं होतं. सांता बार्बाराचा डोंगर सरकतोय. सुताकिरा गावातली मावशीची गल्ली थेट त्याच्या पायथ्याशी आहे. गल्ली आजच रिकामी करा. ते निवेदन गव्हर्नरांच्या कचेरीत गेलं, तिथून सुताकिराच्या नगराध्यक्षांकडे गेलं, परत आलं, आणि गुरुवारी रेडिओवरून बाहेर पडलं ते असं: ‘डोंगर स्थिरावण्याच्या प्रक्रियेत गतिमान असून रहिवाशांनी निश्चिंत राहावे, असे इंजिनियर योलिमा चापार्रो यांनी सांगितले.’ तिचं म्हणून त्यात फक्त नाव उरलं होतं. अडचण सज्ज्याची होती. नगराध्यक्षांनी त्याच डोंगराच्या कडेला, खालची दरी पायाखाली दिसावी म्हणून, काचेच्या तळाचा एक सज्जा बांधला होता आणि रविवारी गव्हर्नरसाहेब त्यावर उभे राहून फीत कापणार होते. डोंगर हलतोय म्हटलं की सज्जा हलतो, सज्जा हलला की गव्हर्नर हलतात, आणि तिथपर्यंत जायची कुणाची इच्छा नव्हती.

“एवढा गलका कसला गं तिथे? … केळीच्या पानांत तामाल बांधताय? किती जणी आहात? … सगळ्याच? … रविवारच्या समारंभाचे तामाल तुला कुणी सांगितले? … नगराध्यक्षांनी. वा. … नाही, वा म्हणजे नुसतं वा. … मावशी, अगं ऐक ना. तू माझ्याकडे ये राहायला. … आज. … आजच्या आज, दुपारच्या बसने. … तामाल दुसरी कुणी बांधेल! … कारण? कारण मला बरं नाहीये. … आवाज? या आजारात आवाज ठणठणीतच असतो. … कणकण आहे, अंग दुखतंय. … प्यायले. गुळाचं गरम पाणी प्यायले, लिंबू पिळून प्यायले, दोनदा प्यायले! तो प्रश्नच नाहीये.”

पुलिदोंनी हनुवटी उडवून ‘कोण आहे?’ असं विचारलं. योलिमाने रिसीव्हरवर हात ठेवला.

“मावशी आहे, डॉक्टर. तामालबद्दल चाललंय.”

पुलिदो बोटांवर काहीतरी मोजू लागले. परिपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की डोंगराविषयी कोणत्याही तांत्रिक कर्मचाऱ्याने वर्तमानपत्रं, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि रक्ताच्या चौथ्या दर्जापर्यंतचे नातेवाईक यांच्याशी बोलू नये.

“मावशी तिसऱ्या दर्जात येते, डॉक्टर. … हो, मोजलंय मी. म्हणूनच तामाल. … हॅलो, मावशी? आहेस ना? … कुणी नाही, ऑफिसातलं. … काय म्हणालीस? मागचं दार लागत नव्हतं? … आणि तसंच उघडं टाकून… नाही, दाराचं राहू दे. … राहू दे गं दार! चौकट तिरकी झाली, ते कळलं मला. पण चौकट तिरकी का होते, याचा तू जरा विचार कर ना. … दमट हवेने नाही! … सुताराच्या हातानेही नाही. तो सुतार चांगला होता, उगाच बोल लावू नकोस.”

पुलिदो आता उघडउघड ऐकत होते. पाव संपला होता, त्यामुळे त्यांना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. योलिमाने डोळे मिटले, कपाळ चोळलं आणि दुसऱ्या वाटेने जाऊन पाहिलं.

“मावशी, तुला एउसेबिओकाकांचा दात आठवतो? … पुढचा गं. हलायचा तो. … बरोबर. आणि दातांचा डॉक्टर काय म्हणाला होता? … घट्ट आहे, काळजी करू नका. … मग काय झालं? … सूपमध्ये पडला. पाद्रीबाबांसमोर. अगदी बरोबर. मला हेच सांगायचंय तुला. … नाही, काकांना काही झालेलं नाही. काका जाऊन किती वर्षं झाली! … मेणबत्ती लावायची आठवण करत नाहीये मी. … लावली असशील तर चांगलंच केलंस. … मावशी, मी दाताबद्दल बोलतच नाहीये!”

पुलिदोंच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. दातांविषयी परिपत्रकात काही नव्हतं.

“बरं, दात सोड. तू निघ. सामान नको घेऊस, औषधं घे आणि निघ. … कोंबड्यांचं काय म्हणजे? कुठे आहेत कोंबड्या? … पाद्रीबाबांच्या अंगणात? … सगळ्या? … अगं, होत्या नव्हत्या तेवढ्या कोंबड्या चर्चला कशाला देऊन टाकल्यास? एवढी कसली भक्ती दाटून आली एकदम? … नाही, आधी तू ऐक, मग तुझं सांग. तुझं नेहमी असंच, मध्येच तोडतेस. … आणि ही घंटा एवढी जवळ कशी वाजतेय? कानाशी वाजवल्यासारखी. … बरं, बरं, तेही नंतर सांग.”

घंटेचा आवाज थांबला तसे पुलिदो उठले. त्यांनी रिकामा कप उचलला आणि तिच्यासाठीही काळी कॉफी आणू का, अशी खूण केली. योलिमाने इतक्या प्रेमाने मान हलवली की पुलिदोंना थोडं आश्चर्य वाटलं. त्यांची पावलं बोळात दूर गेली. तिने तोंड टेबलाच्या खणापाशी नेलं.

“मावशी. गेला तो. आता एक अक्षर मध्ये बोलू नकोस. डोंगर सरकतोय. … सांता बार्बाराचा, आणखी कुठला? … मावशी! मी त्या उतारावर खुंट्या ठोकल्या होत्या, आठवतात? एका ओळीत, तूच म्हणाली होतीस की कपडे वाळत घालायला बऱ्या आहेत. त्या ओळीला पोक आलंय. मधल्या खुंट्या खाली उतरल्यात. … आता? आता नाहीत त्या. उपटल्या. … नगराध्यक्षांच्या माणसांनी. सज्ज्याच्या फोटोत दिसतात म्हणून. … मी कधी तुझी चेष्टा करते का? … रेडिओवर मी तसं म्हटलेलंच नाही! निश्चिंत राहा? मी? आयुष्यात कधी कुणाला निश्चिंत राहा म्हटलंय मी? तुझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी तरी म्हटलं होतं का? … बघ. तूच रडलीस ना? मग!

“… काय? … रेडिओवरच्या योलिमाचं ऐकायचं की फोनवरच्या? … अगं, मी फोनवर आहे! मी! तुझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी. … ती नावाआधी इंजिनियर लावते म्हणून ती जास्त खरी? … मीही लावते. इंजिनियर योलिमा चापार्रो बोलतेय. झालं समाधान? … मग ऐक. आता गल्लीत जा. एकेक दार वाजव. तो म्हातारा अर्कादिओ आहे ना, त्याच्या उजव्या कानात ओरड, डावा गेलाय त्याचा. सगळ्यांना सांग की कालचं खोटं होतं. सांग, योलिमाने स्वतः सांगितलंय की निघा, आत्ता निघा, दारं उघडी टाकून निघा. माझं नाव घे. … हो, आडनावासकट घे! … कळलं तर कळलं. नोकरी गेली तर गेली. एकोणीस वर्षं दगड मोजले, आता तुझ्याशेजारी बसून तामाल बांधेन. … माझ्या नावावर लोक त्या डोंगराखाली झोपलेत, मावशी. मला घास उतरत नाहीये. समजतंय का तुला? कुणाला काही झालं तर ते माझ्या नावावर होणार आहे.”

मंगळवारपासून पहिल्यांदाच तिला छातीत मोकळं वाटलं. तिने पाठ ताठ केली, मान वळवली, आणि तिला दारात डॉक्टर पुलिदो दिसले. दोन्ही हातांत कॉफीचे कप होते. किती वेळ उभे होते, ते कळायला मार्ग नव्हता, पण कॉफीची वाफ निघायची थांबली होती.

योलिमाने त्यांच्याकडे पाहतच रिसीव्हर घट्ट धरला.

“तर जा, मावशी. आहे तशी जा. … जाऊन काय उपयोग म्हणजे? … गल्लीत कुणी नाही? … कुणीच नाही? … अर्कादिओसुद्धा? … मग गेले कुठे सगळे? … चर्चच्या हॉलमध्ये. … आणि तू? … तूही. … कधीपासून? … काल संध्याकाळपासून. … म्हणजे ही घंटा… हो. … आणि कोंबड्या… हो, हो, कळलं. आणि दार लागेना म्हणून तसंच उघडं टाकून निघालीस. … अगं, मग इतका वेळ बोलली का नाहीस? … मी बोलू दिलं नाही. … हं. … किती वेळा सुरुवात केलीस? … बरं, बरं. चुकलं माझं.

“पण तुम्हाला निघायला सांगितलं कुणी? … कुणीच नाही? मग असेच कसे उठलात? … कसला फ्रीज? … लिगियाबाईंचा. … नगराध्यक्षांच्या आई, माहीत आहे गं, तुझ्या शेजारच्याच ना. … काल दुपारी. … ट्रक आणून. … मुलाने पाठवला ट्रक. … वरच्या वस्तीतल्या बहिणीकडे. … तो नवा? दोन दारांचा? … चौघांनी उचलला. … आणि बाई? … पुढच्या सीटवर, मेरीमातेची मूर्ती मांडीवर घेऊन. … कुणाशी काही बोलल्या? … नाही. फक्त हात हलवला. … आणि ते पाहून तुम्ही सगळ्यांनी चादरी गुंडाळल्या.”

आपलं ते तीन वाक्यांचं निवेदन कुणी वाचलंच नाही, अशी योलिमाची चार दिवस समजूत होती. वाचलं होतं. नगराध्यक्षांनी वाचलं होतं, शब्दन् शब्द वाचलं होतं, आणि त्यांना ते पूर्ण पटलं होतं.

“… हो, आहे मी. ऐकतेय. … मग फोन तरी कशासाठी केलास? … माझी माफी मागायला? कसली माफी? … मी रेडिओवर सगळ्यांसमोर राहा म्हणाले आणि तुम्ही माझा शब्द मोडला म्हणून. … मला वाईट वाटेल म्हणून. … गल्लीतल्या सगळ्यांच्या वतीने. … नाही, मावशी, नाही रागावले. … खरंच नाही. … आवाज असाच आहे माझा, कणकण आहे ना. … नाही, माझ्या शिक्षणावर विश्वास नाही म्हणून कुणी निघालं नाही, समजलं मला. … फ्रीजपुढे काय करणार, बरोबर आहे. … पुढच्या वेळी नक्की माझं ऐकाल? नका ऐकू. … नका ऐकू म्हणते! रेडिओवर माझं नाव आलं ना, की सरळ उठायचं आणि… हॅलो? … मावशी? … हॅलो?”

मावशीच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं. तिचं नेहमीच मुद्द्याच्या शब्दाला संपतं.

योलिमाने रिसीव्हर ठेवला. मग खणातून पर्स काढली, चष्म्याचं घर काढलं, टेबलावरचा तिचा स्वतःचा कप काढला आणि ते सगळं समोर मांडून पुलिदोंकडे पाहिलं. पुलिदोंनी थंड कॉफी तिच्यापुढे ठेवली. परिपत्रकाचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की फ्रीज किती दारांचा म्हणालात?

“दोन.”

पुलिदोंनी खिशातून मोबाइल काढला, टाय सैल केला आणि गव्हर्नरांच्या कचेरीला फोन लावत ते पुन्हा बोळात गेले.

निवेदन बदललं नाही. रविवारचा समारंभ तेवढा नगरपालिकेच्या सभागृहात झाला, आणि गव्हर्नरसाहेबांनी सज्ज्याच्या फोटोसमोर फीत कापली.