नूरीच्या वाटचं दूध

माझं नाव जैतून. आमी पिंजारी, राहात्याकडचे. बाप माझा धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचा, लोकांच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचा, आन घरी आला की त्याच्या भुवयांवर बी कापूस, मिशांवर बी कापूस, आमी पोरी हसायचो, म्हनायचो अब्बा म्हातारा होऊन आला. हसायचं म्हनाल तर तेवढंच. मंग लढाईचा काळ आला, नगरात मिल्ट्रीच्या गाड्याच गाड्या, घासलेट मिळंना, कापड मिळंना, आन त्यातच माझं लगीन झालं केडगावात. नवरा नगरात एका सेठाच्या वखारीवर हमाल. सेठ आमच्यातलाच, मुसलमानच, पर काय सांगू तुमाला, नमाज एका मशिदीत पढला म्हनून चूल काय एक होत न्हाई.

माझी पयली पोरगी नूरी. मुठीएवढी हुती बगा, पर रडायला लागली की गल्ली गोळा करायची. सासू म्हनायची, ही पोरगी न्हाई, मशिदीत बांग देनारा बांगी हाय. चाळिसाव्याचं न्हानं झालं न झालं, तर नवरा सांगत आला की सेठाच्या बायकोला पोरगा झालाय, तिला ताप भरलाय, दूध न्हाई, आन बडी अम्मानं तुला बोलावलंय. बडी अम्मा म्हंजी सेठाची आई. समद्या वाड्यावर तिचीच हुकमत. न्हाई कसं म्हनायचं, नवरा तिथंच पाठीवर पोती वाहतोय. सासू बी म्हनली, जा, सवाबाचं, पुन्याचं काम हाय, त्या पोराची दूधआई हुशील. आमच्यात दुधाचं नातं रगताएवढं असतं, एका अंगावर प्यालेली दोन लेकरं सख्खी भावंडं, त्यांचं पुढं लगीन बी होत न्हाई. म्हंजी बगा, सेठाचा पोरगा माझ्या नूरीचा भाऊ झाला.

पर भाऊ झाला तरी भैनीला त्या घरात पाय ठेवायला बंदी. बडी अम्मा म्हनली, पोरीला संगं आनू नको, घरात आजारी मानूस, दोन दोन लेकरांचा कालवा नको. मी सकाळी जायची ती दिवेलागनीला परत. नूरी सासूपाशी, बोंडल्यानं साखरपानी न्हाईतर शेजारनीकडचं वाडगाभर दूध. सांजच्याला मी दारात दिसले की ती अशी तुटून पडायची, आन माझ्या अंगात तवा उरलंसुरलंच असायचं. तिकडं पोरगा गुटगुटीत व्हायला लागला. मी त्याला वंगाळ बोलत न्हाई हां, लेकराचा काय गुन्हा. त्याचं ते बोट धरनं, पिता पिता हसनं, मला बी माया लागली हुती.

थंडीत मला खोकला लागला. साधा न्हवं, बरगड्या मोडतील असा. बडी अम्माला भ्याव वाटलं, नातवावर खोकतीय म्हनून. टांग्यातनं डाक्टर आला, त्यानं छातीला नळी लावली, मला म्हनला श्वास घे, सोड, बास. मंग सेठ, बडी अम्मा आन डाक्टर आतल्या खोलीत गेले, बराच येळ बोलत हुते. मी ओसरीवर. बाहेर येऊन बडी अम्मानं बाटली माझ्या हातात दिली, काळं औषध, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, एका टायमाला एवढं घ्यायचं म्हनून. आन बडी अम्मा मला म्हनली, जैतून, आता तू घरी जा, बाटली सरंस्तवर येऊ नको, आराम कर, पोराचं आमी बघू, शेळी आनलीय.

काय सांगू तुमाला, मी रस्त्यानं रडत आले, आनंदानं. नवऱ्याला म्हनलं, बगा, किती जीव लावत्यात. तो म्हनला, अगं सेठ म्हंजी फरिश्ता हाय. आन माझ्या मनात दुसरंच, मनात हे की आता समदं दूध माझ्या नूरीचं. रोज, सकाळ-दुपार-सांज, हवं तेवढं. कुनाचं उरलंसुरलं न्हाई.

औषध घेतलं की खोकला थांबायचा, अंग जड व्हायचं, डोळे मिटायचे. आन नूरी बी प्यायची न झोपायची. प्यायची न झोपायची. सासू खूश, म्हनली बग, पोट भरलं की लेकरू कसं गप ऱ्हातंय, उगं बांगी म्हनत हुतो तिला. शेजारनी म्हनायच्या, गुनाची पोर. मी बी खूश. मंग तिला प्यायला उठवाय लागलं तर उठंना. तळपायाला टिचक्या मारल्या, गालाला पानी लावलं, जरा डोळे उघडायची, बाहुली अशी टाचनीच्या टोकाएवढी, परत मिटायची. सासूनं मिरच्या मीठ उतरवलं. दर्ग्यातला ताईत बांधला. नवऱ्याला म्हनलं डाक्टरला इचारा, तो म्हनला, एवढ्याशा पोरीसाठी डाक्टर येतोय व्हय. आन दुपारची येळ, बाहेर चांगलं ऊन, पोरीला मांडीवर घेतली तर तिचा श्वास एक आला आन दुसरा लई येळानं आला. आन मंग न्हाई आला.

माती दिली. बाया म्हनल्या नजर लागली. बाटली सरली हुती, खोकला गेला हुता, आन माझी छाती दगडावानी भरलेली, दुधानं लुगडं भिजायचं. सेठाकडनं बोलावनं आलं. मी गेले. का गेले इचारू नका. पोरगा मला बघून झेपावला, त्याला अंगावर घेतलं तवा कुठं मला रडू फुटलं.

त्याला दात आले, भात खायला लागला, तवाची गोष्ट. करीमाबी म्हनून सैपाकीन हुती तिथं, लसून सोलत बसलो हुतो. ती सहज म्हनली, बया, ती शेळी किती लाथा मारायची, बरं झालं तुझं औषध लौकर सरलं. म्हनलं, औषधाचा आन शेळीचा काय संबंध. ती म्हनली, तुला ठाऊक न्हाई? डाक्टरनं सांगितलं हुतं ना, त्यात अफू हाय, दुधातनं पोरात उतरंल, पोराला हिच्या अंगावर पाजू नका म्हनून.

लसून हातातच ऱ्हायला माझ्या.

उठले, बडी अम्मापुढं जाऊन हुभी ऱ्हायले. आयुष्यात पयल्यांदा मान वर करून. म्हनलं, मला का न्हाई सांगितलं. ती तसबीची माळ फिरवत हुती. माझ्याकडं बघितलं, तिला खरंच कळंना मी काय इचारती. मंग कळलं. म्हनली, अगं, तुझी बी पोर पितीय हे कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई.

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पर ती खरं बोलली.

डाक्टर एकदा सेठानीला बघायला आला, त्याला टांग्यापाशी गाठलं. तो म्हनला, बाई, म्या घरच्यांना समजावून सांगितलं हुतं, तुला लेकरू हाय हे मला कोन बोललंच न्हाई. म्हनलं, सायेब, बाईला दूध येतं ते लेकराबिगर येतं व्हय? तो टांग्यात बसला. टांगेवाल्यानं चाबूक उचलला.

मी ते घर सोडलं. नवरा लई भांडला, मंग त्यानं बी वखार सोडली, आमी राहात्याला बापाकडं आलो, कापूस पिंजत ऱ्हायलो. पुढं दोन पोरगे झाले. त्यांना पाजत हुते तवा मी खोकले, तापले, फनफनले, पर औषधाचा थेंब तोंडाला लावला न्हाई. लोक मला येडी म्हनायचे.

सेठाचा पोरगा मोठा झाला. लगीन ठरलं तवा पत्ता काढत आला राहात्याला, मिठाई घेऊन. पायापाशी बसला, म्हनला दूधअम्मा, दुवा दे. कसा उंचापुरा, मिशा फुटलेल्या. चांगला पोरगा हो, खरंच चांगला. म्हनला, माझी एक दूधभैन हुती म्हनं, ती कशानं गेली?

त्याला काय सांगू? तो शेळीचं दूध प्यायला म्हनून जगला, हे त्याला कशाला सांगायचं. म्हनलं, झोपेत गेली बाबा.

डोक्यावर हात ठेवला, अल्ला तुला लेकरंबाळं देवो म्हनलं, आन मनापासून म्हनलं. अजून बी ईदला त्याच्यासाठी दुवा मागते. त्याच्या घरासाठी मागून बघितली एकदोनदा. हात वर होत्यात, पर तोंड उघडत न्हाई. आता वय झालं, राग करून तरी काय करायचं. पर न्हाई उघडत.