पेशीवरची साखर

— नाही हो मॅडम, चोरून ऐकत नव्हतो, पण रिक्षात मागच्या सीटवर कुणी ‘ग्लायकोप्रोटीन’ म्हटलं की माझे कान उभे राहणारच! काय म्हणालात फोनवर — मराठीत ‘शर्कराप्रथिन’? बारावीच्या पुस्तकात घालणार? घाला घाला, छान आहे. दवाखान्यातल्या लॅबवाल्या ज्योत्स्नाताई सोपं करून सांगायच्या — प्रोटीन म्हणजे खुंटी, अन् तिला अडकवलेली साखरेच्या मण्यांची माळ. तुम्ही हसताय. मी योगराज, असोद्याचा, दहावी नापास — पण हा शब्द मी पुस्तकातून नाही शिकलो, खाटेवर पडून शिकलो.

गेल्या वर्षी, एप्रिलची गोष्ट. पोटात अल्सर फुटला, भर रस्त्यात रक्ताची उलटी. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणे ऑपरेशन लागेल, आधी रक्त चढवा, लगेच. माझा ग्रुप ओ, लायसन्सवर छापलेला — ओची काय कमी? पण ज्योत्स्नाताईंनी माझं अन् पिशवीतलं रक्त मिळवून पाहिलं, तर गुठळ्या! दुसरी पिशवी — गुठळ्या! मग त्यांनी नीट तपासलं. आपल्या लाल पेशींवर ही साखरेची माळ असते, ए अन् बीवाल्यांना तिच्या टोकाला एक जास्तीचा मणी. ओवाल्यांना तो नाही, पण त्याच्या आधीचा तरी असतो. मला तोही नाही! म्हणून ओचं रक्तसुद्धा माझ्या अंगाला परकं. बॉम्बे ग्रुप म्हणतात. मुंबई एकदा पाहिली नाही मी, अन् रक्त बॉम्बे! आईला सांगितलं, पेशीवर साखर नाही, तर ती म्हणे, “मंग बरंच झालं, शुगर होनार नाही तुले!” माझी बायको डिंपल रडता रडता हसली.

पण रक्त कुठून आणायचं? ताई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांत मिळू शकतं, आधी तिथं पाहा. भावंड एकच — कामिनी, शिरपूरला असते. सात वर्षं बोलणं नव्हतं. का म्हणजे… तिनं लग्न केलं, मानसिंगशी, सातपुड्यातल्या पाड्यावरचा मुलगा, शाळेत मास्तर आहे. तर ती रागावली होती — नाही, खोटं कशाला बोलू. मीच. लग्नानंतर दोघं पेढे घेऊन दारात आले, मी दार लावून घेतलं. मे महिन्याचं ऊन, मॅडम. पाणी नाही विचारलं. आई आतून रडत होती, तिलाही उठू दिलं नाही. हे मी कुणाला सांगत नाही खरं तर, तुम्हाला कसं सांगून बसलो —

डिंपलनं मला न विचारता फोन लावला. मी म्हटलं, येणार नाही ती, कशाला येईल? साडेतीन तासांत आली. मोटारसायकलवर, चोपड्यावरून, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, मानसिंग चालवत होता. तिचं तपासलं — जुळलं! ताई अक्षरशः ओरडल्या. बाजूच्याच खाटेवर झोपवली तिला, रक्त घ्यायला. मी म्हटलं, “कामिनी, त्या दिवशी दार…” तर म्हणे, “दादा, गप पडी राय. आधी जगून घे, मग भांडू.” अन् भांडली हो! टाके निघाल्यावर अर्धा तास भांडली, सात वर्षांचं सगळं काढलं. मी ऐकून घेतलं. ऐकायलाच हवं होतं.

दुसरी पिशवी नाशिकच्या कुणा माणसानं पाठवली, त्याचं नावही कळलं नाही.

मानसिंग मात्र खोलीत येईना. बाहेर बाकावर बसलेला, पायावर धूळ. मी डिंपलला म्हटलं, बोलाव पाहुण्यांना. आला, उभाच राहिला. मी आपलं म्हटलं, “पाणी घ्या.” डिंपलनं तांब्या दिला. तो गटागटा प्यायला, तांब्या खाली ठेवला, अन् म्हणाला, “दादा, गार आहे.” बस, एवढंच. मी भिंतीकडे तोंड केलं.

हे काय, आलं तुमचं कॉलेज. नाही नाही, आता आणखी सांगत बसायला वेळ नाही, जरा पटकन उतरता का? आज कामिनी येतेय — माहेरी, पहिल्यांदा, पोरीला घेऊन. रुपली नाव तिचं, सहा वर्षांची, मामाचं घर पाहिलेलं नाही अजून. शिरपूरची बस स्टँडात लागत असेल. बॅग राहिली, मॅडम, बॅग घ्या — चला, निघतो!