खांद्यावरची पर्स

घाटकोपरच्या स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोची वाट बघत बसलो होतो. काउंटरपाशी बहीण-भाऊ स्टुडिओवाल्याला मोबाइलवरचा फोटो दाखवत उभे होते.

"एवढा चेहरा मोठा करून फ्रेम करा. उद्या आमच्या आत्याचं बारावं आहे."

"ताई, दुसरा फोटो द्या ना. ह्यांच्या मांडीवर सगळ्या बॅगा, खांद्याला पर्स. पट्टा पार गळ्यापर्यंत आलाय."

"दुसरा नाहीये हो. दादा, तुझ्या लग्नाचा अल्बम नीट बघितलास?"

"दोनदा बघितला. त्यात ती नाहीच. ह्यातसुद्धा डेकोरेशनचा फोटो काढताना चुकून आलीय."

"असं कसं? फॅमिली फोटोला सगळे स्टेजवर होतो ना आपण?"

"ती खालीच बसली होती, बॅगा सांभाळत."

"मग तू हाक नाही मारलीस?"

"मी नवरा होतो गं! तू मारायचीस."

"मला वाटलं, आई मारेल."

"आई काय मारणार? आई कामावर जायची तेव्हा आपल्याला भरवायची कोण? तुला कळायला नको?"

"हळू बोल ना रे. लोक बघतायत."

"ताई, पट्टा कॉम्प्युटरवर पुसता येईल. पण पर्स आत्यांची आवडती वगैरे असेल, तर राहू दे."

"तिची नाहीये."

"मग कोणाची?"

"माझी. स्टेजवर जाताना मीच अडकवली तिच्या खांद्याला."

"मग पुसू ना?"

"पुसा. उद्या सगळे येणारेत."

"टेन्शन नको ताई. कोणाला कळणार पण नाही."