आमच्या हॉलमधला लठ्ठ राजपुत्र

अहो, मेलाय तो! दोनशे वर्षं होत आली मरून! हे मी किती जणांना सांगू, आता तुम्हीच सांगा. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, बायकोच्या माहेरी फोन करून सांगितलं... कुणी ऐकेल तर शपथ! सगळ्यांचं एकच, 'ते असू द्या हो आहेर काका, पण सहादूभाऊंचं असलं चित्र तुम्ही भिंतीवर लावलंच का?' अरे, भाऊंचं नाहीये ते! इंग्लंडच्या राजपुत्राचं आहे!

तुम्हाला सांगतो, माणसाला छंद असावा, पण पोस्टाच्या तिकिटांचा असावा. तिकिटं बघून कुणी अंगावर धावून आल्याचं ऐकलंय तुम्ही? नाही ना? मी मात्र जमवतो इंग्रजांची जुनी व्यंगचित्रं. त्याचं काय झालं, अख्खी नोकरी अंबडच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात रेघा मारण्यात गेली. सरळ रेघ, वाकडी रेघ, तुटक रेघ... रेघ म्हटली की माझा जीव अडकतो. तर एकदा देवळाली कॅम्पात जुन्या फर्निचरवाल्याकडे आरसा बघायला गेलो. आरसा उलटा केला तर मागं पुठ्ठ्याच्या जागी एक कागद, आणि कागदावर एक सेनापती, घोड्यावर उलटा बसलेला, लगाम म्हणून शेपूट धरलेलं! तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, वर हातानं रंगवलेलं. आरसा राहिला तिथंच, मी कागद घेऊन घरी. मनीषा, म्हणजे आमची ही, दारातच म्हणाली, "आरसा कुठाय?" तेव्हापासून जी सुरुवात झाली ती आजतागायत. कपाट भरलंय नुसतं!

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? अहो, त्या काळी लंडनमध्ये ही चित्रं दुकानाच्या काचेला लावायचे. राजा असो नाहीतर मंत्री, कुणाचं पोट केवढं, कुणाचा हात कुणाच्या खिशात, सगळं उघड्यावर! रस्त्यात ही गर्दी, लोक पोट धरून हसतायत, गाड्या अडल्यात. आणि चित्रकाराची रेघ बघा. राजाचं पोट काढतोय, उद्या शिपाई दारात येईल, पण हात हललेला नाही हो! रेघ कशी, एका दमात!

तर गेल्या महिन्यात विलायतेतून हा राजपुत्र आला. काय चीज, काय चीज! तीन हनुवट्या. जाकिटाची बटणं सुटून उडालेली. खुर्चीचे पाय फाकलेले. एका हातात भाजलेलं बदक, दुसरा हात खजिन्याच्या पेटीत कोपरापर्यंत, आणि खिडकीबाहेर हाडं निघालेले लोक आत बघतायत. तोंडातून फुगा निघालाय, त्यात बारीक इंग्रजी अक्षरं. मी फ्रेम केली, हॉलमध्ये लावली, उन्हानं रंग उडू नये म्हणून वर पडदासुद्धा शिवून घेतला. मनीषा म्हणाली, "देवाला नाही शिवला कधी पडदा."

आणि इथंच माशी शिंकली. आमच्याकडे लंकाबाई येतात भाजी घेऊन, मखमलाबादकडं त्यांचा मळा आहे. पाणी प्यायला आत आल्या. पंख्यानं पडदा उडाला. बाईंनी तांब्या खाली ठेवला, चित्र बघितलं आणि अशा हसल्या, अशा हसल्या, "आवं, ह्ये तर आपलं सहादूभाऊ हाय! हुबेहूब! ह्या हनुवट्या, ह्ये पोट, आन् खातंय पन तसंच!"

मी म्हटलं, "लंकाबाई, मेलाय हो तो, दोनशे वर्षं झाली!" तर म्हणे, "मंग नातू आसंल."

सहादूभाऊ म्हणजे आमचे माजी नगरसेवक. निवडणूक तोंडावर आलेली, भाऊ पुन्हा इच्छुक. आता मला सांगा, हे मी आधी का नाही बघितलं? अहो, मी रेघ बघत होतो! चेहरा बघायला मला वेळ कुठं? त्या संध्याकाळी नीट उभा राहून बघितलं. तोच जबडा. तोच भांग. तीच डोळे बारीक करून हसायची तऱ्हा!

झाकून ठेवायला हवं होतं, कबूल. पण शेजारचे दीपकराव लंकाबाईंचं ऐकून आले, "बघू बघू" म्हणाले आणि मी नाही नाही म्हणेपर्यंत मोबाईलवर फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा! खाली लिहिलं, 'ओळखा पाहू.' झालं! हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, टाळ्या, 'आहेर काकांनी काढलं, कमाल केली!' मी लिहितोय, मी नाही काढलं, मी नाही काढलं, तोवर कुणीतरी लिहिलं, 'अहो, भाऊंची माणसंपण आहेत ह्या ग्रुपवर!' दीपकराव ग्रुप सोडून गेले. त्यांनीच टाकलेला फोटो, आणि तेच पहिले बाहेर!

मग फोन आला. भाऊंचा माणूस, ललित. हा मुलगा कधी ओरडत नाही, आणि तेच वाईट. हळू आवाजात म्हणतो, "काका, घरीच आहात ना? भाऊ येतायत. चित्र बघायला." आणि ठेवला.

मनीषा म्हणाली, "काढा ते खाली, माळ्यावर टाका." मी म्हटलं, "काढलं तर म्हणतील चोराच्या मनात आहे काहीतरी." ती म्हणाली, "आणि ठेवलं तर?" चौकातल्या फ्लेक्सवाल्यानं मागच्या खेपेला भाऊंच्या फोटोवर चुकून दुसऱ्याचं नाव छापलं होतं, त्याचं दुकान आता आहे का चौकात? नाही! कुठं गेलं? कुणी विचारतसुद्धा नाही! मनीषानं चित्रावर आधी टॉवेल टाकला, मग काढला, मग देवाचं कॅलेंडर अडकवलं, मग तेही काढलं, म्हणाली, देवाला कशाला मध्ये घ्यायचं. तेवढ्यात खाली गाडीची दारं वाजली. धप्. धप्. धप्. किती माणसं आणली होती कोण जाणे!

भाऊ आत आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ चित्रापुढं उभे. मागं ललित, त्याच्या मागं दारात दोघं. पंखा फिरतोय, पडदा हलतोय. एका बाजूला तो, एका बाजूला हे... आणि मला, देवाशप्पथ, मला हसू यायला लागलं हो! भीतीनं येतं ना, तसं! मी गाल आतून चावून धरला.

"काका," भाऊ म्हणाले, मागं वळले नाहीत, "ह्यो मी हाय का?"

"नाही हो भाऊ! हा इंग्लंडचा राजपुत्र! मेलाय तो, दोनशे वर्षं झाली! खाली बघा, साल छापलंय."

भाऊ खाली वाकले. साल वाचलं. बराच वेळ वाचलं. "राजपुत्र?"

"पुढं राजा झाला."

"राजा झाला..." भाऊंनी हनुवटी चोळली. मधली. "अन् हे तोंडातून काय निघालंय? ललित, वाच."

ललित पुढं आला, डोळे बारीक केले, म्हणाला, "भाऊ, इंग्लिश आहे पण जुनं आहे. काकाच सांगतील."

आता बघा. फुग्यात काय लिहिलंय मला तोंडपाठ. 'आणखी आणा! पेटीचा तळ अजून दिसलेला नाही, आणि लोकांच्या अंगावर अजून कातडी आहे!' हे असं लिहिलंय. हे मी कुणापुढं म्हणायचं? भाऊंपुढं? ज्यानं ते कोरलं त्याचा हात हलला नव्हता, आणि मी उगाच पडद्याचं टोक चाचपतोय. क्षणभर, खरंच सांगतो, क्षणभर वाटलं, सांगून टाकावं! आयुष्यात एकदा तरी! तोंडसुद्धा उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात मनीषा दिसली, चहाचा ट्रे हातात आणि कपबशा नुसत्या किणकिणतायत... आणि माझ्या तोंडातून बाहेर काय पडलं?

"आणखी आणा, असं म्हणतोय भाऊ. म्हणजे... निधी! जनता खिडकीत उभी आहे ना, तिच्यासाठी. पेटीतून काढून देतोय."

ललितनं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं, आईशप्पथ कळलं होतं! पण तो पठ्ठ्या गप्प.

"आन् बदक?" भाऊंनी विचारलं.

"वाटायला काढलंय."

भाऊंच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ना, डोळे बारीक करून... फ्रेममधला आणि फ्रेमबाहेरचा, फरक राहिलाच नाही! "लय भारी माणूस दिसतोय," म्हणाले. चहा प्यायले, दोन कप. मनीषाला वहिनी म्हणाले. आणि उठता उठता ललितला म्हणाले, "काढ रे ती फ्रेम. काका आपल्याला प्रेमानं देतायत." मी प्रेमानं दिली. खिळासुद्धा दिला.

त्या मोकळ्या भिंतीकडं बघत मी जेवलो नाही, तुम्हाला सांगतो. चित्र गेलं त्याचं एक, आणि ते शब्द... दोनशे वर्षं टिकलेलं वाक्य, माझ्या हॉलमध्ये येऊन माझ्याच तोंडून मेलं हो!

असं मला वाटलं. दोन-चार दिवसांनी चौकात गेलो तर हा भला मोठा फ्लेक्स! एकीकडे हात जोडलेले भाऊ, दुसरीकडे राजपुत्र, बदकासकट, पेटीसकट, आणि मध्ये सोनेरी अक्षरांत 'आणखी आणा!' खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो, रेशनकार्डावरचा, कुठून काढला देव जाणे. आणि खाली ही गर्दी! रिक्षा अडल्यात, बस थांबलीय, लंकाबाई पाटी टेकवून डोळे पुसतायत, लोक पोट धरून हसतायत... आणि भाऊ उघड्या जीपमध्ये उभे राहून हात हलवतायत! त्यांना वाटतंय, जनता खूश आहे. जनता खूशच आहे हो!

मी घरी येऊन कडी लावून बसलो. आता भाऊंना कुणीतरी खरा अर्थ समजावणार, आणि मग माझं काय होणार! बेल वाजली तेव्हा मनीषानं माझा हात धरला. दार उघडतो तर विरोधी पार्टीचे वाळूशेठ. सोफ्यावर बसले, सोफा कण्हला. घाम पुसत म्हणतात, "काका, चौकात नुसती तुमचीच हवा आहे. आम्हालाही एखादा राजा द्या की. फक्त पोट तेवढं सहादूपेक्षा मोठं बघा."

काय करता? उठलो, कपाट उघडलं, आणि म्हटलं, "शेठ, जरा उभे राहता का... मापाला?"