वेबसाइटवरचा रुसवा

तुम्हाला सांगतो, व्हिडिओची वेबसाइट बनवणं सोपं, भावकी सांभाळणं अवघड! माझ्या साइटवर पहिला व्हिडिओ टाकला तो बहिणीच्या लग्नाचा, विंझर गावातला. साइट व्हिडिओच्या बरोबर मधलं चित्र आपोआप उचलून पाटीसारखं बाहेर लावायची. नेमके तिथं आमचे चुलते, तात्या, मानाचा फेटा बांधला नाही म्हणून मांडवाच्या खांबाला टेकून रुसलेले! भोरच्या सायबर कॅफेत अख्खी भावकी ते बघून हसली. तात्या आता जन्मात बोलायचे नाहीत, म्हणून मी घाबरून तिथं नवरा-नवरीचा फोटो लावला.

दुसऱ्या दिवशी तात्यांचाच फोन.

“लग्नात मान दिला न्हाई, ऱ्हाऊ दे. हितं आपसूक मिळाला हुता, त्यो बी काढून घेतलास व्हय रं?”