सावली नानांची, चीक मुकुंदाचा

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. ज्याच्या झाडाच्या सावलीत आपण सुखाने बसलो, त्याच झाडाचा चीक आपल्या अंगावर पडला, तर काय करायचं? भांडायचं? सोडून द्यायचं? पुढच्या रांगेतले काका मान हलवतायत. म्हणजे एक तर उत्तर माहीत आहे, नाहीतर डुलकी लागली आहे. दोन्हीला आपल्याकडे मान हलवणं हाच उपाय!

तर आपल्यासारख्याच एका गावात मुकुंद खातू नावाचा गृहस्थ. त्याने गाडी घेतली. निळी! कुणी घ्यावी आणि फिरावं, तशी नाही हो. याने घेतली ती पुसायला. रस्त्यावर धूळ असते म्हणून गाडी रस्त्यावर न्यायची नाही. गाडी पुसायचं मऊ फडकं हवं झालं, तर हा रत्नागिरीला जायचा. कशाने? एसटीने! घरात सगळ्यांना मिळून एक साबण, आणि गाडीला? शांपू वेगळा, पॉलिश वेगळं, मेण वेगळं, डाग काढायचं औषध वेगळं. बायको इंदुमती एकदा म्हणाली, "अहो, पुढच्या जन्मी मला गाडीच होऊ दे." हा म्हणाला, "कुठला रंग?"

या बाटल्या ठेवायच्या कुठे? पोटमाळ्यावर, पत्र्याखाली, लोखंडी कपाटात. कुलूप लावून! मे महिना. आत पापड भाजून निघेल असा उकाडा. बाटलीवर छापलंय — थंड जागी ठेवा, बूच घट्ट लावा. याने काय केलं? बुचं सैल ठेवली. का? तर म्हणाला, "आत गुदमरतील बिचाऱ्या!" मंडळी, माया असावी, पण बाटलीला नाक नसतं.

आता गाडीला ऊन लागू नये, रंग उडेल! म्हणून ती उभी कुठे करायची? शेजारी नाना तावडे. त्यांच्या फणसाची फांदी गडग्यावरून, म्हणजे मधल्या दगडी कुंपणावरून, अलीकडे आलेली. गार सावली! नाना म्हणाले, "मुकुंदा, वर फणस आहेत हो." हा म्हणाला, "असू देत, नाना. सावलीला काही म्हणायचं नाही."

नानांची नात वृंदा. तिचं लग्न ठरलं. पोरगी गडग्यावर बसून म्हणाली, "मुकुंदकाका, सासरी जाईन ती तुमच्याच गाडीतून." आणि हा, जो गाडी भाजीला नेत नव्हता, तो म्हणाला, "नेईन! फुलं मात्र दोऱ्याने बांधायची. चिकटपट्टी नाही!" प्रेमाला सुद्धा अट असते, मंडळी.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी नानांनी भाजीसाठी कोवळे फणस उतरवले. देठ तुटला की चीक गळतो. तो गळला. कुठे? बरोब्बर बॉनेटवर! पांढरे ओघळ, वर ऊन, सगळं घट्ट.

मुकुंद बाहेर आला. आधी ओरडलाच नाही. ओरडायलाही जरा तयारी लागते. नखाने खरवडलं, निघेना. पोटमाळ्यावर धावला. डाग काढायचं औषध? उडून गेलं, नुसता वास! मेण? दगड! पॉलिश? तळाशी चिखल! मग काय, दाढीचं ब्लेड घेतलं आणि सुरू झाला. चीक थोडा गेला, पण त्याच्याबरोबर निळा रंगही निघाला!

झालं! गडग्यापाशी जाऊन गरजला, "नाना! हे झाड आज पडलं पाहिजे. नाहीतर उद्या गाडी येणार नाही!"

नाना म्हणाले, "अरे, पोरीला काय सांगू?"

"सांगा, काकांपेक्षा फणस मोठा झाला!"

दारात वृंदा उभी. हाताला हळद. ऐकलं आणि आत गेली. आणि मंडळी, ती रडली असती तर मुकुंद विरघळला असता. पण ती रडलीच नाही. म्हणून तो जास्तच चिडला! असा असतो माणूस. कोयता घेतला, गडग्यावर चढला, आणि फांदीवर घाव घातला.

फांदी तुटली नाही. चीक मात्र आला. मुठीवर, बोटांवर, मनगटावर! पुसायला दुसरा हात लावला, तोही बरबटला; तोल सावरायला त्याने फांदी धरली, तर तो तिथेच चिकटला. नाकाला खाज आली, कोयत्याला चिकटलेला हात कसाबसा सोडवून नाकाशी नेला, तो मिशीला चिकटला. आता एक हात फांदीला, एक मिशीला! असा माणूस रागावलेला दिसत नाही हो. असा माणूस फोटोसाठी उभा राहिलेला दिसतो!

आणि जन्मभराच्या सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "नाना, तेल! तेल आणा!"

नाना खोबरेल घेऊन आले. खाली उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "तेल कशाला? ब्लेड आणू?"

"अहो, मिशी जाईल! कातडं निघेल!"

"मग गाडीचं नाही निघालं?"

मुकुंदाने गाडीकडे पाहिलं. फणस कापायच्या आधी हाताला तेल लावायचं हे त्याला का माहीत नव्हतं? आईच्या मांडीवर शिकला होता! पण राग आला की माहीत असलेलं सगळं माणूस कुलूप लावून उन्हात ठेवतो. नाना हळूहळू एकेक बोट मोकळं करत होते आणि मुकुंद पुटपुटला, "नाना, सावली घेताना तुमची म्हणालो नाही कधी. चीक पडला तेव्हाच झाड तुमचं झालं."

मग दोघं गाडीपाशी. तेलाचा बोळा चिकावर ठेवला, मऊ होईपर्यंत थांबले. घासायचं नाही! अलगद पुसलं, साबणाने धुतलं, कोरडं केलं. ब्लेडचे ओरखडे तेवढे राहिले. वृंदा बाहेर आली, बघून म्हणाली, "काका, हार तिथेच बांधू. दिसणार नाही."

"बांध," मुकुंद म्हणाला, "चिकटपट्टीने बांध!"

दुसऱ्या दिवशी पोरगी त्याच गाडीतून गेली. वाटेभर धूळ. मुकुंदाने काच वर केली नाही. पोरीला मागे वळून हात हलवायचा होता.

आता मंडळी, गाडी तुमच्याकडे असेल, नसेल. पण कुणाचा तरी शब्द मनावर पडून वाळलाय, आणि तुम्ही रोज ब्लेडने खरवडताय. रंग कुणाचा जातोय? आपलाच! त्याच माणसाची सावली किती उन्हाळे घेतलीत, ते आठवा. तो माणूस आज याच देवळात आहे. तिकडे, खांबाला टेकून. मला इथून दिसतोय, तुम्हीही मघापासून तिकडे न बघण्याची फार मेहनत घेताय. आता टाळ वाजतील, देवीचा गजर होईल, प्रसाद वाटला जाईल. आपला हात पुढे करायच्या आधी उठा, आणि पहिला प्रसाद त्याच्या हातावर ठेवा. त्याने घेतला, तर आजचं कीर्तन तुम्ही केलंत. मी नुसता उभा होतो.